न घेतलेलं समन्स

"वहिनी, हातात घेतलं नाही म्हणून समन्स माघारी जात नसतं. तारीख तेवढी लिहून ठेवा," असं बेलीफ जाता जाता म्हणाला होता, आणि मोनिका हसली होती.

अगदी खो-खो नाही, ओढणी तोंडाशी धरून, सुनेने परक्या माणसासमोर हसावं तेवढंच. पण हसली. शेवगावच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.कॉम. झालेली, व्यापारी कायद्याचा शंभर मार्कांचा पेपर दिलेली, लेकीच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचल्याशिवाय बूच न उघडणारी ही बाई. सरकारी माणूस तारीख लिहून घ्या म्हणतोय आणि ही हसतेय! कारण काय, तर सासरे हसत होते.

सासरे म्हणजे जालिंदर. काष्टीपासून चारेक किलोमीटर आत त्यांची वस्ती, अकरा एकर रान आणि कायद्याचं एकच ज्ञान. ते ज्ञान असं, की कोर्टाचा कागद म्हणजे खाजकुयली. हात लावला तरच खाजतं, नाही लावला तर काही होत नाही.

"आपन घेतलंच न्हाई तर लागू कसं व्हईल?" ते विचारत, आणि ऐकणारे माना डोलावत. इतका साधा सवाल एवढ्या शिकलेल्या वकिलांना कसा सुचला नाही, याचंच सगळ्यांना नवल.

तर त्या दिवशी बेलीफ दारात आला तेव्हा जालिंदरनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले, जसा काही कागद उडी मारून तळहातावर बसणार होता. मोनिकाचा नवरा रविराज मागच्या दाराने उसात शिरला. सासूबाई विमलबाई चौकटीत उभं राहून म्हणाल्या, "घरात कुनी न्हाई." त्यांच्या मागे सासरे, सून, नात धनश्री आणि पाटावर अर्धं जेवलेलं ताट होतं.

बेलीफला हे नवीन नसावं. त्याने शांतपणे ‘घेण्यास नकार’ असं लिहिलं, रस्त्याने जाणाऱ्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या, कागद दारावर चिकटवला, मोनिकाला ते वाक्य सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली. तो बांधाआड जातो न जातो तोच जालिंदरनी गरम पाण्याचं फडकं मारून कागद सोलून काढला आणि बंबात टाकला. कोर्टाच्या त्या नोटिशीवर तापलेल्या पाण्याने त्यांनी आंघोळ केली आणि टॉवेल गुंडाळून अंगणात उभे राहिले. लढाई जिंकून आल्यासारखे.

"पंचवीस वर्सांत एक समन्स हातात घेतलं न्हाई मी," ते म्हणाले.

मोनिकाच्या मनात आलं होतं, की मामांना विचारावं, पंचवीस वर्षांत त्यातली किती लागू झाली? पण सासऱ्यांना मामा म्हणणाऱ्या घरात सून असले प्रश्न विचारत नाही. धनश्रीला दुसरा घास भरवायचा होता. तिने भरवला.

आता हा दावा होता कशाचा, तेही सांगायला हवं, कारण ते ऐकल्यावर माणसाला शहाणपणाची किंमत कळते.

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत सहाशे पावलांची एक गाडीवाट आहे. ती जाते बजरंगच्या बांधाच्या कडेने. बजरंग म्हणजे जालिंदरचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचे बाप एका चुलीवर जेवले. समन्स आलं त्याच्या आधीच्या वैशाखात बजरंगच्या मुलीचं लग्न झालं, आणि मांडवात मानाचे फेटे बांधताना जालिंदरचं नाव पुकारायचं राहिलं. राहिलं की मुद्दाम राहू दिलं, देव जाणे. जालिंदर भर पंगतीतून उठले. पुढे त्यांनी आपल्याकडच्या जागरण-गोंधळाला बजरंगला सांगावा धाडला नाही. मग बजरंगने बांधावरची जालिंदरची बाभळ तोडली. मग जालिंदरनी बजरंगच्या पाइपावरून ट्रॅक्टर नेला. आणि मग बजरंगने श्रीगोंद्याच्या कोर्टात दिवाणी दावा टाकला, की माझ्या रानातून अशी वाट मुळात कधी नव्हतीच, जालिंदर आणि त्याचा मुलगा दांडगाईने घुसतात, त्यांना कायमची मनाई करा.

एका पाच मीटर कापडाच्या फेट्यापायी सहाशे पावलांची वाट! साठी ओलांडलेली दोन माणसं. त्यांच्यापेक्षा धनश्रीच्या बालवाडीतली पोरं बरी, ती निदान मधल्या सुट्टीपर्यंत भांडण विसरतात.

जालिंदर तसे अगदीच एकटे नव्हते. त्यांना सल्लागार होते. कानिफनाथअण्णा काष्टीच्या बाजारात चहाच्या हॉटेलात ठरलेल्या बाकड्यावर बसत आणि कुठल्याही कायद्यावर फुकट बोलत. वकिली शिकलेले नव्हते, पण कोर्टाच्या आवारात इतका चहा प्यायले होते, की लोकांना फरक कळत नसे.

"दिवानी हाय, फौजदारी न्हाई," अण्णा म्हणाले. "दिवानीत बेडी पडत न्हाई. तीस वर्सं चालती. तुमचा नातू बघंल काय ते."

"नातू न्हाई अजून. नात हाय," जालिंदर म्हणाले.

"मंग तर आणखीच टाइम हाय की!" अण्णा म्हणाले, आणि सगळं हॉटेल हसलं. रविराजने घरी येऊन हा विनोद मोनिकाला सांगितला. तिला तो दाव्यावरचा म्हणूनही आवडला नाही आणि लेकीवरचा म्हणूनही.

साडेचार महिने काही झालं नाही. जालिंदर आणखी ताठ झाले. मग एका सकाळी वाटेवर जेसीबी उभा दिसला. बजरंगने वाटेच्या तोंडाशी आठ फूट रुंद आणि पुरुषभर खोल चर खणला, निघालेली माती पलीकडे रचली आणि शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. रविराजने फोन करून बोलावलेल्या हवालदाराने तो उभ्या उभ्या वाचला.

"तात्पुरती मनाई आहे. शिवाय दावा तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवायचा हुकूम झालाय," तो म्हणाला. "कोर्टाने बोलावलं तेव्हा गेला नव्हता का?"

सगळ्यांनी जालिंदरकडे पाहिलं. जालिंदरनी उसाकडे पाहिलं.

"आमाला कागद भेटलाच न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"मग आता हा भेटला," हवालदार म्हणाला आणि गाडीत बसला.

धनश्रीच्या शाळेची व्हॅन बंद झाली. दूध डोक्यावरून न्यावं लागलं. घरातले पुरुष रोज चरापाशी जाऊन उभे राहत, कमरेवर हात ठेवून आत बघत, आणि "ह्याला बघून घेतो" असं म्हणून परत येत. मोनिका मात्र वेगळा हिशोब करत होती. धनश्रीला दमा आहे. कांदा काटणी सुरू झाली की पातीची धूळ उडते. वस्तीपासून दवाखान्यापर्यंत गाडीने पंधरा मिनिटं. आता गाडी वस्तीपर्यंत येत नाही. मग किती मिनिटं?

उत्तर आठव्या दिवशी दुपारी मिळालं. रविराज कारखान्यावर ड्युटीला, जालिंदर काष्टीला अण्णांच्या बाकड्यावर, विमलबाई रानात. धनश्रीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली, पंप दोनदा मारूनही थांबेना, ओठांच्या कडा करड्या पडायला लागल्या. मोनिकाने पोरीला खांद्यावर टाकलं आणि सहाशे पावलं पळाली. फोन करून बोलावलेला रिक्षावाला पलीकडे डांबरीवर येऊन उभा. मध्ये चर.

चराच्या काठावर मनकर्णाबाई शेळीसाठी गवत कापत होती. ही म्हातारी वाटेच्या कडेला बौद्ध वस्तीतल्या तीन घरांपैकी पहिल्या घरात एकटी राहते. सत्तरी गाठलेली, मुलगा भोसरीला. तिने खुरपं टाकलं, लुगडं खोचलं आणि काही न विचारता बसत-घसरत चरात उतरली.

"दे हिकडं पोरगी. तू उतर माझ्या मागं. खाली बगू नगं, माझ्याकडं बग."

पलीकडच्या मातीच्या ढिगावर ती गुडघ्यांनी चढली. पोर तिच्या हातात, आणि मोनिका मागून तिच्या टाचांना रेटा देत. रिक्षात बसेपर्यंत म्हातारीच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त आलं होतं. दवाखान्यात तीन तास वाफ दिल्यावर धनश्रीची धाप ओसरली आणि तिने बिस्कीट मागितलं. मोनिकाने ते तिच्या हातात दिलं, बाकावर बसली, आणि तेव्हा कुठे तिला बेलीफचा आवाज पुन्हा ऐकू आला. तारीख तेवढी लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता श्रीगोंद्याला गेली. घरातून निघताना एवढंच म्हणाली, "मामा, मी कोर्टात जातेय."

"बायकामानसांनी कोर्टात?" जालिंदर म्हणाले.

"बाप्यामाणसं गेली नाहीत म्हणून."

सीमा वकील तिच्या मैत्रिणीची थोरली बहीण. टेबलावर फायली, फायलींवर चष्मा. तिने मोनिकाचं सगळं ऐकून घेतलं. बंबाची गोष्ट आली तेव्हा डोळे मिटून घेतले.

"हे बघ मोनिका, दिवाणी कोर्ट कुणाला शोधत घरी येत नाही. एकदा रीतसर बोलावतं. न येण्याचा हक्क तुला आहेच. पण मग समोरचा जे सांगेल तेवढंच कोर्टाला ऐकू येतं. बजरंग म्हणाला वाट नव्हती. नव्हती कशी, हे सांगायला तुमच्यातलं कोण होतं तिथे?"

"कुणीच नाही."

"म्हणजे वाटेवरचा तुमचा हक्क गेला नाही. तो सांगणारं तोंड कोर्टात गेलं नाही, एवढंच झालं."

उपाय होता. हजर व्हायचं, उशिराची माफी मागायची, एकतर्फी हुकूम उठवायला अर्ज करायचा, आणि वाट जुनी आहे हे दाखवायचं. गावनकाशाची नक्कल काढली तेव्हा त्यात दोन तुटक रेघा निघाल्या. गाडीवाट! साठ वर्षं सरकारी कपाटात निजलेली. जालिंदरनी ती नक्कल आयुष्यात कधी मागितली नव्हती, कारण वाट तर समोर दिसत होती, कागद कशाला?

"पण प्रतिज्ञापत्रात खरं लिहायचं," सीमा म्हणाली. "बेलीफ आला होता, गैरसमजापोटी कागद घेतला नाही, चूक झाली."

या शेवटच्या दोन शब्दांवर घर पेटलं.

"मी चूक झाली म्हनू? मी?" जालिंदर ओटीवर येरझाऱ्या घालत होते. "बेलीफ आलाच न्हाई असं लिवायचं! कोन बगायला गेलंय?"

"दोन पंचांच्या सह्या आहेत मामा."

"एक बजरंगचा ड्रायव्हर, दुसरा दूधवाला. आपन तिसरा साक्षीदार आनू. अण्णा म्हनतेत, साक्षीदार जास्त तिकडं निकाल."

"अण्णा येणार आहेत का साक्षीला?"

अण्णांना त्या आठवड्यात नेमकी पाठ धरली होती. मग जालिंदरना मनकर्णा आठवली. चाळीस वर्षं तिला "ए मनकर्णे" अशी लांबूनच हाक मारणारे जालिंदर त्या संध्याकाळी टोपी नीट करून तिच्या दारात गेले. मोनिकाही मागे गेली, कारण तिला भीती वाटत होती. कसली, ते तिथे गेल्यावर कळलं.

"मनकर्णामावशी," जालिंदरनी सुरुवात केली.

म्हातारीने शेळीच्या पाठीवरचा हात काढला. "मावशी? मी तुमची मावशी कवापासनं वो? म्हंजे माज्या बहिनीनं तुमाला जल्म दिला म्हना की."

मागच्या घरातून कुणीतरी फिसकन हसलं. जालिंदर लाल झाले, पण गरज मोठी होती. "तसं न्हाई गं. काम हाय एक. कोर्टात सांगायचं, बेलीफ आमच्याकडं आलाच नव्हता. तू तितंच असती गवताला. तुजं खरं मानतील."

"आला हुता की."

"ते मला म्हाईत हाय."

"मंग? मी बगितलं ना. तुमी हात मागं घेऊन उभे हुता, पोलिसानं धरल्यावानी. रविराज उसात पळाला, त्याची एक चप्पल बांधावर ऱ्हायली. मीच आनून दिली."

"मनकर्णे, आपल्या वस्तीचा सवाल हाय!"

"आपली वस्ती?" ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत." मग ती मोनिकाकडे वळली. "पोरी, मी खोटं न्हाई सांगायची. पर वाटंचं खरं सांगीन. इचारलं तर सगळं सांगीन. मी हितं नांदायला आले ती ह्याच वाटंनं. बजरंगच्या बापाचं मयत ह्याच वाटंनं गेलं. खांदेकरी चार, म्होरं मडकं धरलेला बजरंग. त्यो आता म्हनतो वाट न्हवती? मंग बापाला काय वरनं नेला?"

मोनिकाला त्या क्षणी कळलं, की पूर्ण वस्तीत दाव्याची गोष्ट नीट समजलेली एकच बाई आहे, आणि ती सहीच्या जागी अंगठा देते.

जालिंदर तरीही हटून बसले असते. पण सीमा वकिलाने त्यांना समोर बसवून खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कायद्यात काय शिक्षा आहे ती ओळ वाचून दाखवली, त्यातला ‘कारावास’ हा शब्द जरा ठासून. पंचवीस वर्षांचं शौर्य पाच सेकंदांत उतरलं. "सही कुटं करायची?" एवढंच ते म्हणाले.

तारखेला कोर्टात गर्दी होती. त्यांचा पुकारा झाला तेव्हा जालिंदर हात पाठीमागे नेऊन उभे राहिले. सवय. मोनिकाने मागून चिमटा काढला तसे पुढे आणले. सीमाने नकाशा दिला, मनकर्णाबाईचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि त्यातला मयताचा परिच्छेद मोठ्याने वाचला. न्यायाधीशांनी बजरंगच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने बजरंगकडे पाहिलं. बजरंग आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. काहीही म्हणा, बापाच्या मयतावर खोटं बोलायला त्याचीही जीभ वळेना.

उशिराबद्दल दंड बसला, पण एकतर्फी हुकूम उठला. पुढच्या तारखेला तात्पुरती मनाईही गेली. चर बजरंगनेच बुजवायचा, असं ठरलं. दावा मात्र संपला नाही. तो चालू आहे. आता पुरावा व्हायचाय, साक्षी व्हायच्यात, आणि पहिली साक्ष मनकर्णाबाईची आहे. कागदावरचं ती पिंजऱ्यात उभं राहून सांगणार, बजरंगचा वकील तिला उलटे प्रश्न विचारणार. तिने मागे घेतलं, तर दोन तुटक रेघांवर किती वजन टाकता येईल, सीमालाही सांगता येत नाही.

हे सगळं घरातल्यांना समजलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! चर बुजला त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले. जालिंदर काष्टीच्या हॉटेलात बसून सांगत होते, की कोर्टाला कसं बरोबर जागेवर आणलं. अण्णांची पाठ बरी झाली होती. "मी म्हनलोच हुतो, हजर व्हा म्हनून," ते म्हणाले. पेढ्यांचा बॉक्स वस्तीभर फिरला. मनकर्णाबाईच्या घरावरून तो दोनदा गेला, थांबला नाही.

"आत्याबाई, त्यांना पेढे?" मोनिकाने विचारलं.

"संपले वाटतं," विमलबाई म्हणाल्या. झाकणाखाली पाच होते. मोनिका ते घेऊन गेली. म्हातारीने एक खाल्ला, एक शेळीला दिला आणि उरलेले धनश्रीच्या हातात ठेवले.

पुढे बजरंगने तिला आपल्या बांधावरचं गवत बंद केलं. त्याच्या रानात खुरपायला तिला बोलावणं येईना. मग जालिंदरच्या रानातही येईना, कारण "कशाला उगं त्याला डिवचायचं?" जिच्या शब्दावर वाट परत मिळाली, तिला त्या वाटेने कामाला यायची बंदी! आणि एक दिवस दोन माणसं येऊन तिच्या दारात बसून गेली. काही बोलली नाहीत म्हणे. नुसतं पाणी मागितलं, घर बघितलं आणि "एकटीच ऱ्हाता का?" असं विचारलं.

हे मनकर्णाबाईने मोनिकाला फोनवर सांगितलं. फोनवर, कारण जूनपासून मोनिका सुप्याला राहते. रविराजला तिथल्या एमआयडीसीत काम लागलं, धनश्रीची शाळा खोलीपासून चालत पाच मिनिटांवर आहे, दवाखाना सात. मोनिकाने ही मिनिटं स्वतः चालून मोजली आहेत. दर दोन दिवसांनी ती म्हातारीला फोन करायची. "शेळी व्यायली, दोन करडं हायत," हे शेवटचं बोलणं. त्याला आता अकरा दिवस झाले. फोन बंद येतो. भोसरीचा मुलगा म्हणतो, चार्जिंग नसेल. रविराज म्हणतो, रेंज नसेल. जालिंदरना विचारलं तर ते म्हणाले, "आसंल की हितंच. कुटं जातीया!" त्यांच्या ओटीपासून तिचं दार दोनशे पावलांवर आहे. ती दोनशे पावलं या घरातल्या कुणाला अकरा दिवसांत चालता आलेली नाहीत. साक्षीची तारीख महिन्याभरावर आहे, आणि ती मात्र सगळ्यांनी लिहून ठेवली आहे.

मोनिका येत्या रविवारी जाणार आहे. धनश्रीला ताप आहे, तो उतरला तर. पण रविवारला अजून चार दिवस आहेत, आणि तिला झोप लागत नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी बाजाराला काष्टीला जाणार असाल, तर तिचं एक मागणं आहे. चार किलोमीटर आत या. डांबरी सोडली की जिथे वाटेची माती अजून नवी, पोकळ दिसते, तिथून आत वळा. डाव्या हाताला तीन घरं लागतील. पहिल्या घराचं दार वाजवा. शेळी आणि करडं ओरडतायत का, त्यांना पाणी आहे का, बघा. कोर्टाचं काही बोलू नका, साक्षीचं विचारू नका. मनकर्णाबाई आहेत का, जेवल्या का, एवढं विचारा. आणि त्या नसल्या, तर शेजारच्या घरी थांबा, कधीपासून नाहीत ते विचारून घ्या, आणि मोनिकाला कळवा. जालिंदरच्या ओटीवर चौकशी करू नका. तिथे तुम्हाला चहा मिळेल आणि दावा कसा जिंकला ते ऐकावं लागेल.